उद्या पांढरी तुमची

"उद्या पांढरी तुमची. जपून खेळा," असं भिवा कासारे मला शनिवारी दुपारी प्रार्थना समाजाच्या ट्राम थांब्यावर म्हणाला आणि माझं जे डोकं फिरलं ते दुसऱ्या दिवशी डाव संपेपर्यंत ठिकाणावर आलं नाही. तो आमच्या क्लबात रविवारची वेळ पक्की करायला आला होता आणि परळला परत चालला होता. मी कचेरीतून अर्ध्या दिवसाने सुटून घरी चाललो होतो. एवढं बोलून तो ट्राममध्ये चढला, आत जाऊन बसला, आणि छत्री दोन्ही गुडघ्यांमध्ये नीट उभी धरली. मी तिथेच उभा. जपून! गिरगावात सहा वर्षं पहिल्या पटावर बसणाऱ्या मनमोहन तळपद्याला गिरणीत माग चालवणारा एक साचेवाला सांगतो, जपून खेळा. बरं, बोलण्यात खवचटपणा असता तर मी तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं. तो नव्हता. धाकट्या भावाला जिना उतरताना सांगावं तसं सांगितलं त्याने. हेच मला सोसेना. त्याची ट्राम निघून गेली, माझी आली, तीही मी जाऊ दिली, आणि उन्हात घरापर्यंत चालत गेलो.

आमच्या क्लबात दर मार्चला पहिल्या पटासाठी चार डाव होतात. ज्याच्याकडे मान आहे त्याच्याशी ज्याला हवा आहे त्याने खेळायचं. चार डावांनंतर गुण सारखे झाले तर मान जुन्याकडेच राहतो. भिवाशी माझे तीन डाव झाले होते. पहिला बरोबरीत, तिसरा बरोबरीत, आणि मधला, माझ्या हातात पांढरी मोहरी असताना, मी हरलो होतो. म्हणजे रविवारचा शेवटचा डाव मला जिंकायलाच हवा होता. बरोबरीसुद्धा चालणार नव्हती. कुणाला वाटेल, एवढं काय आहे त्या पहिल्या पटात? भिंतीवरच्या पाटीवर वरचं नाव, बाहेरच्या क्लबांशी सामने असले की पहिली खुर्ची, बस. पण मला दुसरं काहीही नव्हतं. कचेरीत माझ्यामागून आलेली दोन माणसं हेडक्लार्क झाली. ज्या चाळीत मी भाड्याने दोन खोल्यांत राहत होतो ती एके काळी माझ्या आजोबांची होती, हे जुन्या बिऱ्हाडांना माहीत होतं आणि नवी बिऱ्हाडं विचारत नव्हती. मूलबाळ नाही. रविवारी दुपारी चार माणसं मी काय खेळतो ते बघायला खुर्च्या ओढून बसत, तेवढ्या तीन तासांसाठी मी आठवडा काढत असे.

आणि ते भिवाने घ्यायचं! बरं, घ्यायचं तर कसं? हल्ला करून, दोन मोहरी झोकून देऊन घेतलं असतं तर मी त्याच्या पाठीवर थाप मारली असती, निदान मला तसं वाटतं. पण हा माणूस काही करतच नाही. मी राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं की तो वजिराच्या उंटापुढचं प्यादं एक घर सरकवतो. एकच घर. मग पाठीमागून दुसरं लावतो, उंट बाहेर काढून ठेवतो, घोडे घराजवळ बांधतो, आणि बसतो. तुम्ही या. तुम्ही काय करायचं ते करा. पुस्तकांत या बचावाला दोन परक्या माणसांची नावं आहेत. भिवाने त्यांतलं एकही पुस्तक उघडलेलं नव्हतं. तो गिरणीच्या साचेखात्यात, जेवणाच्या सुटीत, फरशीवर खडूने आखलेल्या पटावर देशी पद्धतीचं बुद्धिबळ शिकला. देशी डावात प्यादं कधीही एकाच घराने चालतं. तीच हाताची सवय घेऊन तो इकडे आला आणि ती नेमकी पुस्तकातल्या सगळ्यात चिवट बचावाशी जुळली. मी तीन वर्षं वाचनालयात बसून जे घोकलं ते याला फुकटात मिळालं होतं. याचा मला राग होता, आणि तो राग न्याय्य आहे अशी तेव्हा माझी खात्री होती.

शनिवारी संध्याकाळी मी पट मांडून बसलो. प्रश्न एकच होता: या तटाला कुठून धडक द्यायची? प्याद्याला प्यादं मारून मोकळं व्हावं, तर डाव इतका सरळ होतो की दोघांनी झोपून खेळला तरी बरोबरी. घोड्याने प्यादं सांभाळावं, हे पुस्तकाला पसंत होतं. चांगली, सभ्य खेळी. पण चांगल्या खेळीला भिवाकडे चांगलं उत्तर असे, ते मी तीनदा बघितलं होतं. तिसरी वाट म्हणजे प्यादं पुढे दामटायचं, त्याचा उंट बाहेर येऊ द्यायचा, आणि त्या उंटाच्या अंगावर राजाच्या घोड्यापुढचं प्यादं दोन घरं फेकायचं. पुस्तकात या खेळीपुढे प्रश्नचिन्ह छापलं होतं. याने आपलाच राजा उघडा पडतो, किल्लेकोटाला, म्हणजे राजाला हत्तीआड नेऊन ठेवायला, जागा उरत नाही, असं खाली बारीक अक्षरात दिलं होतं. मी ती ओळ दोनदा वाचली आणि मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर मला नुसतं जिंकायचं नव्हतं. भिवा घाबरलेला बघायचा होता. एकदा तरी त्याचा हात मोहऱ्यावरून मागे गेलेला बघायचा होता. सरोजिनी जेवायला बोलवायला आली, पटाकडे बघत म्हणाली, "अहो, बरोबरी करून चालत नाही का?" मी नाही म्हणालो. "मग जिंका," ती म्हणाली, आणि जाता जाता, "पण माणूस बरा वाटला हो तो. परवा तुमच्या क्लबच्या जिन्यात भेटला तर बाजूला होऊन वाट दिली मला." मी म्हणालो, वाट देणारच. तिने माझ्याकडे जरा बघितलं आणि आत गेली.

हल्ल्याचं हे वेड मला कधी लागलं ते मला पक्कं माहीत आहे. छप्पन सालच्या जानेवारीत गिरगावात गोळीबार झाला, संचारबंदी लागली, तेव्हा मी पाच दिवस खिडक्या लावून घरात होतो. रस्त्यावर दगडांचा खच, धूर, मधूनच पळणाऱ्यांचे पाय वाजत. मी पट मांडून फुकट प्यादी देणारे जुने डाव लावत होतो, आणि प्रत्येक डावात कुणीतरी सगळं उधळून राजापर्यंत पोचत होता, आणि मला तेच हवं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी खालच्या दारावर कुणीतरी थापा मारल्या. बऱ्याच मारल्या. पाणी मागत होता की लपायला जागा, ते नीट ऐकू आलं नाही, म्हणजे मी नीट ऐकलं नाही. सरोजिनी उठली तिला मी बस म्हणालो. माझ्या हातात घोडा होता तो मी कुठे ठेवला हेसुद्धा मला आठवतं. मग थापा थांबल्या. त्या वर्षी मार्चमध्ये मी क्लबात असा काही खेळलो की लोक म्हणाले, तळपद्यांच्या अंगात वारं शिरलंय.

भिवा आमच्यात आला तो त्यानंतर वर्षाने. नागपूरला दीक्षा घेऊन आलेला, परळच्या चाळीत राहणारा, आमच्या सेक्रेटरींना कुठल्याशा स्पर्धेत भेटलेला. सेक्रेटरी म्हणजे रमाकांत, शाळेतून निवृत्त झालेले, सभ्य, सगळ्यांना अहोजाहो करणारे. त्यांनीच त्याला आणलं आणि आम्ही सगळ्यांनी हसून त्याचं स्वागत केलं. पुढच्या रविवारी बघतो तर कोपऱ्यातला माठ नाही, त्याच्यावरचा पितळी तांब्या नाही. माठ फुटला म्हणे. खालच्या इराण्याकडून चहा वर यायला लागला, काचेच्या ग्लासांतून, सगळ्यांना सारखा. कुणी कुणाला काही बोललं नाही. भिवाने रिकाम्या तिवईकडे एकदा बघितलं होतं, ते मी पाहिलं. माठ कुणी हलवला हे मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर कळलं असतं. आणखी एक: क्लबात मी तळपदे होतो, बाकीचे नवलकर, कोठारे होते. तो मात्र पहिल्या दिवसापासून नुसता भिवा.

रविवारी दुपारी तीनला बसलो. रमाकांतांनी दोन्ही घड्याळांची लाकडी पेटी पटाशेजारी ठेवली. आपली खेळी झाली की आपली कळ दाबायची, की समोरच्याचा वेळ पळू लागतो. सहाजण बघायला होते. राजापुढचं प्यादं दोन घरं. त्याचं एक घर, ठरलेलं. चौथ्या खेळीला मी ते प्रश्नचिन्हाचं प्यादं त्याच्या उंटावर फेकलं, जरा आवाज करूनच. भिवाने उंट एक पाऊल मागे घेतला. मी राजापुढचं प्यादं सरळ त्याच्या तटात घुसवलं, फुकट. मागे कुणीतरी 'वा' म्हणालं. भिवाने ते मारलं, आणि त्याच्या दोन प्याद्यांची एकापुढे एक अशी रांग होऊन त्याची मागची मोहरी कोंडली. अर्धा तास मी सुखात होतो. हत्ती राजाजवळून सरकवून त्या धावत्या प्याद्यामागे लावला, घोडा पुढे काढला, उंटाला उंट दिला. पण भिवा घाबरेना. एकेक प्यादं, एकेक घर. जागा नव्हती तिथे त्याने जागा केली, खाल्लेलं प्यादं परत देऊन टाकलं, आणि दीड तासाने मी मान वर केली तेव्हा मधली वाट मोकळी झाली होती आणि तिच्या टोकाला त्याचा हत्ती येऊन उभा होता. वाटेच्या या टोकाला माझा राजा. मध्ये माझा उंट, बांधला गेलेला, कारण हलला की राजा उघडा. माझा हत्ती आधीच हललेला, त्यामुळे किल्लेकोट नाही. पुढच्या खेळीला उंट जाणार होता, आणि उंटामागून डाव.

नेमक्या त्याच वेळी रस्त्यावर मोर्चा आला. लांबून 'झालाच पाहिजे' ऐकू यायला लागलं तसे बघणारे एकेक करून गॅलरीत गेले, शेवटी रमाकांतही गेले. खोलीत आम्ही दोघं उरलो. माझं घड्याळ चालू होतं. भिवा खुर्चीत ताठ बसला होता, हात मांडीवर. एरवी असल्या मोर्च्यात तो पहिल्या रांगेत चालतो हे मला ठाऊक होतं, पण तो खिडकीकडे वळलासुद्धा नाही. मी राजाकडे बघत होतो. राजाला या कोंडीतून त्या घोड्यापुढच्या रिकाम्या घरात न्यायला हवं, एवढंच दिसत होतं. आणि मला भाई आठवले, माझे वडील. त्यांनी मला गॅलरीत बसवून बुद्धिबळ शिकवलं ते देशी. त्यात किल्लेकोट नसतो. त्याऐवजी राजाला एकही शह बसलेला नसेल तर डावात एकदा त्याला घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. भाई ती उडी मारताना राजाला बोटाच्या टोकावर उचलत आणि म्हणत, "चला महाराज." सोळाव्या वर्षी मी इंग्रजी पुस्तक आणलं आणि त्यांना सांगितलं की तुमचे नियम अडाणी आहेत, जगात कुठे असं खेळत नाहीत. त्यांनी वाद घातला नाही. त्यानंतर माझ्याशी खेळलेही नाहीत. खाली ढोल वाजत होता. मी राजा उचलला, घोड्यापुढच्या घरात ठेवला आणि कळ दाबली. कागदावर खेळीही लिहिली. राजा, घोड्याचं दुसरं घर. कागदावर ती खेळी कुणालाही खटकली नसती. किल्लेकोट केलेला राजा नेहमीच त्या घरात जातो.

भिवाने मान वर केली तेव्हा मला कळलं. पेन हातातच होतं. तळपायापासून गरम होत होत ते कानापर्यंत आलं. सहा वर्षं पहिल्या पटावर बसणारा मी, फरशीवरच्या खडूच्या पटावर खेळतात तशी उडी मारून बसलो होतो. नियम साफ होता. खेळी मागे घ्यायची, आणि हात राजाला लावला म्हणून राजाच हलवायचा. राजा कुठेही हलवला तरी डाव गेला होता. भिवा माझ्याकडे बघत होता. पटाकडे नाही. त्याचं घड्याळ पळत होतं. बोल, मी मनात म्हणालो. बोल ना. हाक मार त्यांना गॅलरीतून. माझी उत्तरं तयार व्हायला लागली होती: अरे हो, चुकलं, लक्ष नव्हतं, हा ढोल. किंवा: कसली उडी? किल्लेकोट मघाशीच झाला होता, तुझंच लक्ष नाही. हे दुसरं उत्तर माझ्या तोंडात पहिल्यापेक्षा आधी आलं, हे मी इथे लिहून ठेवतो. एक मिनिट गेलं, दोन गेली. तो बोलेना. मला त्याचा इतका तिरस्कार कधीच वाटला नव्हता. चोराला पकडायचं तर पकडावं, असं समोर बसून बघत काय राहायचं? त्याच्या शर्टाच्या खिशात दुमडलेला रुमाल होता, स्वच्छ, मला तो फाडावासा वाटला. चार मिनिटं. एक शब्द बोलायला मला किती वेळ लागला असता? मी घोटभर चहा प्यालो. तो गार होता. सहा. घोषणा ठाकुरद्वाराकडे लांब गेल्या, गॅलरीतून खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, आणि भिवाने पटाकडे बघून घोडा हलवला.

मंडळी आत आली. रमाकांतांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "अरे वा, राजा निसटला वाटतं वेळेवर! मघा तर मला धास्ती वाटत होती." मी हूं म्हणालो. भिवाने माझ्याकडे बघितलं नाही. पुढचं सगळं सोपं होतं. मोकळा झालेला उंट त्याच्या वजिरावर जाऊन पडला, हत्तीसमोरचं प्यादं धावत सुटलं, आणि ज्या तटावर मी आठवडाभर डोकं आपटलं तो नऊ खेळ्यांत कोसळला. बघणारे खूष. असा हल्ला गिरगावात बऱ्याच दिवसांत झाला नव्हता, असं नवलकर म्हणाले. भिवा शेवटपर्यंत नीट खेळला, घाई नाही, चिडचिड नाही, प्रत्येक खेळी कागदावर लिहीत. मग त्याने राजा आडवा केला आणि हात पुढे केला. हात मोठा होता, बोटांच्या पेरांना घट्टे. रमाकांत कपाटातून वही काढायला गेले. बाकीचे चौथ्या खेळीवर बोलत होते. भिवाने माझा हात सोडला नाही.

"राजाला उडी आमच्यात पन हाय, तळपदे साहेब," तो हळू म्हणाला. "मी रोज बघतो ती."

मी विचारलं, "मग बोलला का नाहीस?"

"तुमी सांगाल म्हनून थांबलो. सात मिंटं थांबलो." त्याने हात सोडला. "मी बोललो असतो तर तुमी नाय म्हनला असता. मग ह्यांनी कुनाचं ऐकलं असतं?"

मी गॅलरीकडच्या दाराकडे बघत राहिलो. अजूनही वेळ होती. वही उघडायची होती, कागद दोघांचेही टेबलावर होते, पहिल्या खेळीपासून डाव लावला असता तर पाच मिनिटांत सगळ्यांना दिसलं असतं. रमाकांत वही घेऊन आले, चष्मा वर केला आणि आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "काय म्हणतोय भिवा?" त्यांनी मला विचारलं. भिवाने छत्री उचलली होती, पण तो थांबला.

"काही नाही," मी म्हणालो. "डाव चांगला झाला म्हणतोय."

भिवाने मान डोलावली. रमाकांतांनी माझं नाव लिहिलं, वही माझ्यापुढे सरकवली, आणि मी सही केली.